घर न् घर ओळखणारी संस्था : वसईतलं धर्मग्राम कसं चालतं

वसईच्या पश्चिम पट्टीतल्या एखाद्या ख्रिस्ती गावात कुणी वारलं, की घरच्यांचा एक फोन चर्चच्या ऑफिसात जातो. थोड्याच वेळात मयताची घंटा वाजते. तिची लय रोजच्या घंटेपेक्षा संथ असते, त्यामुळे वाडीत पाणी लावणाऱ्या माणसालाही कळतं की कुणाच्या तरी घरी दुःख झालंय. आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, वय आणि मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वेळ येते. कुणी खुर्च्या आणून अंगणात मांडतं, कुणी डॉक्टरांचा दाखला घेऊन मृत्यूची नोंद करायला जातं. शेजारच्या घरी चहा आणि पेज शिजायला लागते. सिमेंटरीत जागा तयार होते, गाणारी मंडळी गीतं ठरवतात. दफन झाल्यावरही काही दिवस आळीतली माणसं संध्याकाळी त्या घरी जपमाळ म्हणायला जमतात, म्हणजे ज्या बाईचा नवरा गेला तिला निदान दिवेलागणीला रिकामं घर खायला उठत नाही.

बाहेरून पाहणारा म्हणतो, गाव चांगलं आहे, माणसं धावून येतात. ते खरंच आहे. पण या धावून येण्यामागे एक रचना आहे. ती शेकडो वर्षं घडत आली आहे, तिचे नियम लिहिलेले आहेत आणि ती कुठे कमी पडते तेही नीट दाखवता येतं. ख्रिस्ती नसलेल्या बहुतेक मराठी वाचकांना चर्च म्हटलं की नाताळ, कॉन्व्हेंट शाळा आणि रविवारची प्रार्थना एवढंच आठवतं. म्हणून वसईचं उदाहरण घेऊन ही रचना आतून कशी असते ते सांगतो.

हद्द आणि यादी

कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत सगळ्यात जवळची पातळी म्हणजे धर्मग्राम. बोलताना सगळे 'पॅरिश'च म्हणतात. अशी अनेक धर्मग्रामं मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचे प्रमुख बिशप असतात. वसईचा धर्मप्रांत तसा अलीकडचा. २२ मे १९९८ रोजी तो मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. इथली ख्रिस्ती वस्ती मात्र फार जुनी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता संपली. राज्यकर्ते गेले तरी सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतली ख्रिस्ती झालेली कुटुंबं आपल्याच वाड्यांत, आपल्याच बोलीत राहिली. पापडी, सांडोर, रमेदी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गास ही नावं आज गावांचीही आहेत आणि धर्मग्रामांचीही.

प्रत्येक धर्मग्रामाला हद्द असते, इथूनच सगळं सुरू होतं. १९८३ साली सुधारून आलेल्या चर्चच्या कायद्यातलं ५१८ वं कलम सांगतं की सर्वसाधारणपणे धर्मग्राम प्रदेशावर ठरावं आणि त्या प्रदेशातला प्रत्येक कॅथलिक त्यात यावा. म्हणजे एखादा माणूस वर्षानुवर्षं चर्चची पायरी चढला नसेल, फादरांशी भांडून बसला असेल, तरी तो त्यांच्याच जबाबदारीत मोडतो. पटलं म्हणून नाव नोंदवलं आणि नाही पटलं म्हणून काढलं, असा हा प्रकार नाही.

त्याच कायद्यातलं ५२९ वं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धर्मगुरूनं आपल्याकडे सोपवलेल्या माणसांना ओळखण्याचा प्रयत्न करावा, घरोघरी भेटी द्याव्यात, कुटुंबांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घ्यावीत. गरीब, पीडित, एकटे पडलेले, आपल्या मुलखापासून तुटलेले यांच्याकडे विशेष कळकळीनं जावं. धर्मग्रामाच्या सेवेची मोठमोठी नावं आपण ऐकतो, पण ती सगळी या एका ओळखीवर उभी आहेत. घर माहीत असेल तर मदत वेळेवर आणि मापात पोचते. घर माहीत नसेल तर उरतो तो नाताळात ब्लँकेटं वाटण्याचा कार्यक्रम.

आता एका धर्मग्रामात हजारो माणसं आणि धर्मगुरू एक किंवा दोन. सगळी घरं त्यांनी कशी ओळखायची? त्यासाठी गावाचे लहान भाग पाडलेले असतात. त्यांना लघु ख्रिस्ती समूह म्हणतात. मुंबई-वसई भागात ही पद्धत १९८० च्या दशकापासून रुजत गेली. जवळजवळची काही घरं, बहुधा एकच आळी किंवा एखादी सोसायटी, असा समूह असतो. ही घरं ठरावीक दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर किंवा हॉलमध्ये जमतात, बायबलमधला उतारा वाचतात, त्यावर बोलतात आणि मग वळतात व्यवहाराकडे. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या मुलाची फी राहिली आहे, कोणती आजी आठवडाभर दिसली नाही, कुणाच्या घरी भांडण विकोपाला गेलंय.

समूहाच्या प्रमुखाकडे एक वही असते. हल्ली ती मोबाइलमध्ये असते, पण आशय तोच. घर क्रमांक, माणसं किती, म्हातारी किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, परगावी शिकायला कोण. फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, द्यायला निघतात तेव्हा ही वही धरणारी व्यक्ती सोबत असते, आणि बहुतेक ठिकाणी ती बाई असते. दुपारचं जेवण आटोपून, मुलांना क्लासला सोडून, उन्हातून चालत दारोदार जाणाऱ्या या बायकांमुळे धर्मग्राम चालतं. चर्चच्या इतिहासात बिशपांची आणि धर्मगुरूंची नावं येतात, या बायकांची येत नाहीत, आणि हे मला मनापासून खटकतं.

नोंदवहीचा समास

चर्चच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जाडजूड नोंदवह्या असतात. बाप्तिस्म्याची, विवाहाची, मृत्यूची. बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाचं नाव, आईबापांची नावं, धर्ममातापित्यांची नावं आणि तारीख असते. खरी गंमत समासात आहे. मूल मोठं होऊन त्याचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालं की त्याची नोंद याच पानावर येते. लग्न झालं, मग ते नागपुरात होवो नाहीतर लंडनमध्ये, तिथलं चर्च मूळ धर्मग्रामाला कळवतं आणि समासात ती नोंद होते. एखादा धर्मगुरू झाला, तेही तिथेच. म्हणून लग्न ठरलं की मुलाकडून आणि मुलीकडून आपापल्या मूळ चर्चचा ताजा बाप्तिस्मा दाखला मागतात. आधीचं लग्न लपवलेलं असेल तर ते या समासात सापडण्याची शक्यता मोठी असते. मुलीच्या बापाला या एका कागदाचा किती आधार वाटतो, हे लग्न जमवणाऱ्यांना विचारावं.

सरकारी जन्मनोंदणी जिथे पोचली नव्हती त्या पिढीतल्या माणसांना याच वह्यांनी वयाचा पुरावा दिला. कूळ शोधणारे आजही या पानांकडेच येतात.

लग्नापूर्वी चर्चमध्ये जाहीर सूचना वाचल्या जातात, परंपरेनं तीन रविवार. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर तिनं वा त्यानं सांगावी हा हेतू. शिवाय दोघांनाही विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाला बसावं लागतं. त्यात धर्माबरोबर पगार कसा वापरायचा, सासरमाहेरच्या अपेक्षा, मूल कधी, शरीरसंबंध, दारू, राग अशा विषयांवर डॉक्टर, समुपदेशक आणि संसारात मुरलेली जोडपी बोलतात. पुष्कळ मुलंमुली तोंड वाकडं करून येतात. पण पैशांबद्दल एकमेकांशी मोकळं बोलायला लावणारी जागा आपल्याकडे दुसरी कुठली आहे? लग्न लागतं ते १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या चौकटीत, त्यामुळे चर्चमधलं लग्न कायद्यानंही लग्नच असतं.

मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. शिकवणारे बहुतेक विनामोबदला शिकवतात. त्यात निवृत्त शिक्षिका असते, बँकेत काम करणारा असतो, कॉलेजात शिकणारी ताई असते. मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं त्या वर्षी तर आईबापांनाही बैठकांना यावं लागतं. इथे धर्मशिक्षणाबरोबर दुसरंही काही घडतं. आपल्या आईबापांखेरीज आणखी एक प्रौढ माणूस त्या मुलाला नावानं ओळखू लागतो. घरात मारहाण होते आहे, मूल गप्प झालंय, शाळा बुडवतंय, हे अनेकदा पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतं.

घरात दारू शिरली की

कुटुंबांची सेवा म्हणताना दारूचा विषय टाळून चालणार नाही. वसई पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजात सणासमारंभात दारूला मान होता आणि अजूनही आहे. तिनं मोडलेली घरं प्रत्येक आळीत आहेत. पूर्वी फादर माणसाला बोलावून दम देत, तो शपथ घेई, आणि शपथ पुढच्या लग्नापर्यंत टिके. व्यसन हा आजार आहे ही समज चर्चमध्ये हळूहळू आली.

ती येण्यात वांद्र्याच्या कामाचा मोठा वाटा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्या आणि योग यांची त्यांनी सांगड घातली. हे काम पुढे देशभर पसरलं आणि वसईतही कृपाचं केंद्र उभं राहिलं. अनेक धर्मग्रामांचे हॉल आज व्यसनमुक्तीच्या बैठकांसाठी उघडले जातात. अशा बैठकीत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच येतात, आणि कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. पलीकडच्या खोलीत बायकामुलांची वेगळी बैठक चालते. ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पिणाऱ्याला सुधारायला वर्षं लागतील, पण त्याच्या बायकोला आज संध्याकाळी कुणीतरी सांगायला हवं की यात तुझा दोष नाही.

दोघांनी जायचं, गप्प राहायचं

गरिबांना मदत करण्याचं काम बहुतेक धर्मग्रामांत सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे असतं. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केली. तिची कार्यपद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, सभासद स्वतः त्या घरी जातात. अर्जदाराला ऑफिसच्या दारात रांगेत उभं करत नाहीत. दुसरी गोष्ट, जायचं ते दोघांनी, एकट्यानं नाही. त्यामुळे एकाच्या मर्जीवर काही ठरत नाही आणि कुणावर आळही येत नाही. तिसरी गोष्ट, पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. साप्ताहिक बैठकीत कुटुंबाची परिस्थिती मांडली जाते, काय करायचं ते ठरतं, आणि विषय तिथेच मिटतो. बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते. प्रत्येक सभासद हात आत घालून जमेल तेवढं टाकतो. कुणी किती टाकले ते कुणालाच दिसत नाही, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याचाही हात तसाच आत जाऊन बाहेर येतो.

अशी एक भेट कशी होते ते पाहा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घरी दोघंजण जातात. पाणी घेतात, बसतात, तिच्या मुलाची चौकशी करतात. बोलता बोलता नजर फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जाते. ब्लडप्रेशरची गोळी रोज एक घ्यायची, आणि महिना सरत आला तरी पाकीट अर्धं शिल्लक आहे. विचारल्यावर कळतं की बाई एक दिवसाआड गोळी घेते, संपू नये म्हणून. तांदळाची पिशवी देऊन परत आलेल्या माणसाला हे कधीच कळलं नसतं. मग धान्य बाजूला राहतं आणि दर महिन्याच्या औषधांची सोय होते. विधवांसाठीच्या किंवा वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेचा अर्ज भरला आहे का, रेशनकार्डावर नाव आहे का, हेही तेव्हाच पाहतात. चांगला सभासद पैशांइतकाच कागदपत्रांत मुरलेला असतो.

या संस्थेची मदत धर्म पाहून द्यायची नसते. वसईच्या पूर्वेकडचे आदिवासी पाडे, वीटभट्टीवरचे मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारं परप्रांतीय कुटुंब, कुणाकडेही जाता येतं. धर्मांतराचा संशय या कामावर वारंवार घेतला जातो, म्हणून स्पष्टच लिहितो. चर्चच्या कायद्याचं ७४८ वं कलम म्हणतं की कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडण्याचा अधिकार कुणालाच नाही. औषधाच्या बदल्यात प्रार्थनेला यायला सांगणं हे या नियमाचं उल्लंघन आहे, आणि ते कुणी करत असेल तर त्याला आधी चर्चमधल्याच माणसांनी अडवलं पाहिजे. मदत घेणाऱ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची नवी खोडही मला तितकीच वाईट वाटते. ओझानामच्या पिशवीनं देणाऱ्याचाही हात झाकला होता, आपण घेणाऱ्याचा चेहराच उघडा पाडतो.

पैसा कुठून, हिशेब कुणाकडे

हे सगळं चालतं मुख्यतः लोकांच्याच पैशावर. रविवारच्या मिस्सात फिरणारी दानाची पिशवी, सणाच्या देणग्या, आपल्या माणसांसाठी मिस्सा करायला सांगताना दिलेले पैसे, हॉलचं भाडं, जुन्या जमिनीचं किंवा नारळीचं थोडंफार उत्पन्न. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, घरोघरी खाण्यापिण्यात काटकसर करून ते पैसे वेगळे ठेवण्याची रीत आहे. त्यातला काही भाग भूक आणि आजार यांच्याविरुद्धच्या देशव्यापी मोहिमेला जातो. ती मोहीम १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरितास इंडिया चालवते.

प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असं चर्चच्या कायद्याचं ५३७ वं कलम सांगतं. महाराष्ट्रात चर्चच्या विश्वस्त संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो, त्यामुळे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. वाचकांनी आपल्या धर्मग्रामाचा वार्षिक हिशेब सूचनाफलकावर लागतो का, ते जरूर पाहावं. काही ठिकाणी पै न् पै वाचून दाखवतात. जिथे दाखवत नाहीत तिथे विचारायचा हक्क दान टाकणाऱ्याला आहे.

धर्मग्रामात आणखी एक मंडळ असतं, पालकीय परिषद. समूहांचे आणि संघटनांचे प्रतिनिधी त्यात बसतात. पण तिचं मत सल्ल्यापुरतं असतं, शेवटचा शब्द धर्मगुरूंचा. फादर ऐकणारे असले की गाव फुलतं, आणि ठरावीक वर्षांनी त्यांची बदली झाली की नव्या फादरांबरोबर सगळं नव्यानं जुळवावं लागतं. एखादं चांगलं चाललेलं काम या बदलीत बंद पडलं तर त्याची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर या रचनेत मिळत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दलही बोललं पाहिजे. जिथे इतकी मुलं मोठ्यांच्या हाती सोपवली जातात तिथे नुसत्या विश्वासावर भागत नाही. लैंगिक अत्याचार दडपले जाण्याचे प्रकार जगभर उघड झाल्यावर मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार घेण्याची यंत्रणा उभारणं बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा त्याच्याही आधीपासून आहे आणि तो फादर, सिस्टर, शिक्षक सगळ्यांना सारखाच लागू आहे. 'घरचं प्रकरण घरात मिटवू' म्हणणारा माणूस चर्चचं नाव राखत नाही, मुलाला दुसऱ्यांदा इजा करतो.

बँक, शाळा, पाणी

आता धर्मग्रामाच्या ओट्यावरून खाली उतरून तालुक्याकडे पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसईचा शेतकरी केळी, पानवेली, भाजीपाला पिकवायचा आणि अडीनडीला सावकाराच्या दारात जायचा. मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी ते पाहिलं आणि १९१८ मध्ये सहकारी तत्त्वावर एक लहानशी पतसंस्था उभी केली. आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. आज तिचे खातेदार सर्व धर्मांचे आहेत आणि ती राज्यातल्या नावाजलेल्या सहकारी बँकांपैकी एक आहे.

ती उभी राहू शकली याचं कारण पुन्हा ओळखीत आहे. तारण द्यायला ज्याच्याकडे काही नाही त्याला कर्ज द्यायचं तर त्याची चाल माहीत हवी. ती आळीला माहीत असते. तो पिकाचे पैसे दारूत घालवतो की मुलांच्या शिक्षणात, हे कुणाला विचारावं लागत नाही. जामीन राहणारा शेजारी रविवारी शेजारच्याच बाकावर बसलेला असतो.

शाळांबद्दल वाचकांना ठाऊक आहे, म्हणून फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी हे समीकरण वसईत पूर्ण खरं नाही. इथल्या धर्मग्रामांनी मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या आणि त्यांत आजूबाजूच्या सगळ्या समाजांची मुलं शिकली. १९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लॅटिनच्या जागी लोकभाषेला वाट मोकळी केली तेव्हा वसईची मिस्सा मराठीत आली आणि मराठी गीतांची मोठी परंपरा उभी राहिली. 'सुवार्ता' हे मासिक याच मातीतलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते, आणि त्यांच्या काळात ते ख्रिस्ती समाजाच्या मुखपत्रापुरतं न राहता मराठीतल्या वैचारिक नियतकालिकांच्या रांगेत बसलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले.

दिब्रिटोंचं नाव वसईकरांना जास्त आठवतं ते पाण्यासाठी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. शेतातल्या विहिरींतून टँकर भरून पाणी इमारतींना विकलं जाऊ लागलं. विहिरी खारावल्या, बावखलं बुजवली जाऊ लागली. बावखल म्हणजे वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी जिरवणारं आणि उन्हाळ्यात बाग जगवणारं. याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तेव्हा जमीन आणि टँकर यांच्या धंद्यात गुंडांची दहशत होती, उघड बोलायला माणसं घाबरत. समितीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, शेतकरी, शिक्षक, लेखक होते. पण दहशतीच्या काळात माणसं सभेला आणायची कशी, हा प्रश्न होता. ते जमलं, कारण निरोप पोचवणारी जाळी आधीपासून तयार होती. मयताला जमणारी आळी मोर्चालाही जमली.

सगळं वाचलं असं मात्र झालं नाही. आजचा नालासोपारा आणि विरार पाहिल्यावर किती गमावलं ते कळतं. पण पश्चिम पट्टीत जी केळीची बाग, जो मोगऱ्याचा मळा अजून दिसतो, त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. धर्मगुरूनं राजकारणात पडू नये, असं तेव्हाही म्हटलं गेलं. ज्याच्या विहिरीचं पाणी खारट झालंय त्याच्या घरी जाऊन फादरांनी फक्त आशीर्वाद द्यावा, हे मला पटत नाही.

यादीबाहेरची माणसं

वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आलेल्यांत मंगळूरचे, गोव्याचे, तमिळनाडूचे, केरळचे, झारखंडचे ख्रिस्तीही आहेत. मल्याळी कुटुंबांतल्या सिरो-मलबार पंथीयांसाठी, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेनं उपासना करणाऱ्या कॅथलिकांसाठी, १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यांची मिस्सा आणि धर्मग्रामं वेगळी. बाकीच्यांनी जायचं कुठे? हद्दीप्रमाणे जवळच्या चर्चला. तिथे मराठी गीतं चालू असतात, सगळे एकमेकांना चार पिढ्यांपासून ओळखतात, आणि अकरा महिन्यांच्या भाडेकराराचं हे कुटुंब मागच्या बाकावर बसून घरी जातं. स्टेशनजवळच्या धर्मग्रामांत इंग्रजी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होऊ लागल्या, हा मोठा दिलासा. पण मिस्साची भाषा कळली म्हणून दारावर कुणी आलं असं होत नाही.

जुन्या गावाची रचना आळीवर उभी आहे. आळीत दार उघडं असतं. सात मजली इमारतीत वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय, आणि जायचं कुणाकडे तेच माहीत नसतं. भाडेकरू बदलतात, वही जुनी होते. आळ्या बऱ्याचदा एकाच समाजाच्या असल्यानं समूहही तसेच बनतात, आणि मग आदिवासी ख्रिस्ती कुटुंब किंवा कोळीवाड्यातलं घर हद्दीत असूनही बैठकीत परकं राहतं. ५२९ व्या कलमात मुलखापासून तुटलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे तो याचसाठी. आपल्या धर्मग्रामांची सेवा मोजायची तर मी सणाची गर्दी पाहणार नाही. दोन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्यात भाड्यानं आलेल्या घरातला माणूस दवाखान्यात दाखल झाला, तर चौथ्या दिवसापर्यंत चर्चमधल्या कुणाला कळतं का, हे पाहीन. जुन्या गावांत संध्याकाळपर्यंत कळतं. नव्या इमारतींत बऱ्याचदा कळतच नाही.

काही धर्मग्रामांनी उपाय शोधले आहेत. इमारतवार समूह करणं, नव्यानं आलेल्यांच्याच भाषेतली व्यक्ती प्रमुख नेमणं, रविवारी मिस्सानंतर नवख्यांसाठी टेबल मांडून नाव आणि फोन नोंदवणं. घरं आशीर्वादित करायला फादर येतात तेव्हा यादीत नसलेल्या दारावरही थाप मारणं. यातलं काहीच खर्चीक नाही. माणसं लागतात आणि त्यांचा वेळ लागतो, आणि तोच आता दुर्मीळ झालाय. वही धरणाऱ्या बायका साठीच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांच्या सुना विरारहून चर्चगेटला नोकरीला जातात.

तुम्ही अशा एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत नव्यानं राहायला आला असाल तर चर्चच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा : आमची इमारत कोणत्या समूहात येते, त्याचा प्रमुख कोण, आणि बैठक कधी असते. बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला सोबत न्या, म्हणजे कुटुंबाचं नोंदपत्र लगेच भरता येईल. ख्रिस्ती नसाल आणि शेजारी कुणी अडचणीत असेल, औषधाला पैसे नसतील, दारू सुटत नसेल, तरीही याच ऑफिसात जा आणि विन्सेंट डी पॉलच्या माणसांचा फोन मागा. ते पत्ता विचारतील आणि दोघंजण येतील.